नळीविना व्हेंटिलेटर: पहिल्या तासाची कसोटी

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिकांच्या जुनाट आजाराचा रुग्ण पुढे झुकून बसलेला असतो. मानेचे स्नायू ताठ, मिनिटाला तीसच्या वर श्वास. नाकाला ऑक्सिजन लावलेला असतो, तरी तो गुंगत चाललेला असतो. अशा वेळी नातेवाईक साहजिकच म्हणतात, ऑक्सिजन वाढवा. पण इथलं दुखणं वेगळं आहे. श्वास ओढणारे स्नायू थकलेत, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि रक्त आम्लधर्मी होत चाललंय. नुसता ऑक्सिजन भरमसाट वाढवला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो. म्हणून या रुग्णांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, मुद्दाम 88 ते 92 टक्क्यांतच ठेवतात.

रुग्णाला गरज असते ती स्नायूंचं ओझं उचलणाऱ्या कुणाची तरी. बायपॅप हे यंत्र ते काम करतं, तेही घशात नळी न घालता, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून. ते दोन दाब देतं. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. आजारी फुप्फुसात अडकून राहिलेल्या हवेमुळे पुढचा श्वास आत येण्याआधीच स्नायूंना बराच जोर लावावा लागतो. खालचा दाब तो जोर वाचवतो. वरचा दाब हवा आत ढकलतो. दर श्वासाला किती हवा आत-बाहेर होणार, हे मुख्यतः या दोन दाबांमधल्या फरकावर ठरतं. त्यामुळे खालचा दाब वाढवला आणि वरचा तसाच ठेवला, तर कार्बन डायऑक्साइड कमी व्हायचा तो वाढूही शकतो. ही चूक अजूनही होते.

सुरुवात साधारण वर 10 ते 12 आणि खाली 4 ते 5 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने करतात. मग रुग्णाला सोसेल तसा वरचा दाब अर्ध्या तासात 15 ते 20 वर नेतात. बऱ्याचदा तो भीतीपोटी 10 वरच राहतो आणि मग ‘मशीनचा उपयोग झाला नाही’ असं म्हटलं जातं. उलट, फार जास्त दाबाने हवा पोटात शिरते, पोट फुगतं आणि उलटीचा धोका वाढतो.

खरी लढाई मात्र मास्कची असते. गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडावर काही बांधलं की तो ते ओढून काढणारच. म्हणून पट्टे लगेच आवळू नयेत. आधी मास्क हाताने चेहऱ्यावर धरावा, दोन-चार श्वास जुळू द्यावेत, मग पट्टे लावावेत, तेही खाली दोन बोटं सरकतील इतकेच सैल. थोडी गळती यंत्र भरून काढतं. फार गळती झाली तर श्वास कधी संपला हे त्याला कळत नाही. रुग्ण श्वास सोडू पाहतो आणि यंत्र ढकलतच राहतं. डोळ्यांकडे हवा येत असेल तर मास्क मोठा आहे. आवळून उपयोग नाही, नाकाच्या हाडावर जखम होते. मास्क बदलावा. मास्कवरची किंवा यंत्राच्या नळीवरची बारीक छिद्रं कधीही बुजवू नयेत. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

योग्य रुग्णात फरक मोठा पडतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या, 85 सीओपीडी रुग्णांवरच्या युरोपातल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांनी 74 टक्के रुग्णांना नळी घालावी लागली, मास्क लावलेल्यांपैकी 26 टक्क्यांना. रुग्णालयातले मृत्यू 29 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले. हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी साचतं तेव्हाही मास्कचा दाब झटपट आराम देतो. तिथे बहुतेकदा एकच सलग दाब, म्हणजे सीपॅप, पुरतो. न्यूमोनियात मात्र सावध राहायला हवं, कारण तिथे मास्क अपयशी ठरण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. सतत उलट्या, चेहऱ्याला मोठी इजा, श्वास थांबण्याची वेळ, असं असेल तर या वाटेला जाऊच नये.

तासाभराने धमनीतल्या रक्ताची तपासणी, एबीजी, पुन्हा करायचीच. पीएच (रक्त जितकं आम्लधर्मी, तितका हा आकडा कमी) वर सरकला, श्वासाचा वेग उतरला, रुग्ण हाकेला ओ देऊ लागला, तर वाट बरोबर आहे. पीएच 7.25 च्या खालीच असेल आणि गुंगी वाढत असेल, तर आधी गळती, दाब आणि यंत्राशी न जुळणारा श्वास तपासावा. तेही करून सुधारणा नसेल तर मास्कला चिकटून राहणं घातक आहे, कारण उशिरा घातलेली नळी जास्त जीव घेते. म्हणून मास्क लावतानाच नातेवाईकांशी बोलून केसपेपरवर लिहून ठेवावं: मास्क निभावला नाही तर नळी घालायची का, आणि तो निर्णय किती वाजता घ्यायचा.