खारफुटीच्या चिखलाला वास का येतो?

खारफुटीच्या जंगलाजवळ ओहोटीच्या वेळी गेलं की लोक नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, 'सगळं कुजलंय इथं.' भराव टाकून त्या जागेचा काही 'उपयोग' करावा, हा विचारही पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. पण त्या वासाचा अर्थ आपण नेमका उलटा लावतो. सडक्या अंड्यासारखा तो वास सांगतो, की इथं कुजणं फार मंदावलं आहे.

कोरड्या जमिनीवर पडलेलं पान बुरशी आणि जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फस्त करतात. काही वर्षांत त्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. भरतीच्या चिखलात मात्र मातीच्या कणांमधली जागा पाण्याने भरलेली असते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यामुळे पृष्ठभागाखाली थोड्याच अंतरावर तो संपतो. मग जिवाणूंनी श्वास कशावर घ्यायचा? ऑक्सिजनच्या जागी चालणारी नायट्रेट, मँगनीज, लोह अशी उतरंड संपली की उरतं सल्फेट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन यांचं संयुग. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते साधारण २.७ ग्रॅम असतं, म्हणजे भरपूर. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आपल्याला येतो तो वास त्याचाच. या मार्गाने ऊर्जा फार कमी मिळते. शिवाय मुळांमधल्या लाकडाला कणखर करणारं लिग्निन नीट फोडायला ऑक्सिजन लागतोच. म्हणून ती मुळं तशीच गाडली जातात. सल्फाइडचा काही भाग लोहाशी जुळून काळा लोह सल्फाइड आणि पुढे पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज बनतो. चिखलाचा काळा रंग तिथून येतो. मला सर्वांत भावणारी गोष्ट पुढची आहे. हायड्रोजन आणि ॲसिटेट हे खाद्य सल्फेटवाले जिवाणू आधी पळवतात, त्यामुळे मिथेन हा हवा तापवणारा वायू बनवणारे सूक्ष्मजीव मागे पडतात. गोड्या पाण्याच्या दलदलीपेक्षा खाऱ्या चिखलातून मिथेन कमी निघतो तो यामुळे.

हिंद-प्रशांत प्रदेशातल्या खारफुटींच्या २०११ सालच्या अभ्यासात हेक्टरी सरासरी सुमारे १,००० टन कार्बन आढळला, आणि त्याचा मोठा वाटा झाडांत नसून मातीत होता. तिथे कोळंबीचं तळं खोदलं की चिखल उघडा पडतो, ऑक्सिजन आत शिरतो आणि साठा जळू लागतो. पायराइटचंही गंधकाम्ल होतं. त्याने पुढे तळ्याचं पाणीच आम्लधर्मी होऊन कोळंबी मरते. देशाच्या उत्पन्नात मात्र विकलेली कोळंबी जमेला दिसते, गेलेला चिखल कुठेच दिसत नाही.

१९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या निसर्गसेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली, तेव्हा तो आकडा फार गाजला. आकडा डोळे उघडणारा होता, पण त्यातली सगळ्या समुद्राची मिळून एक किंमत मला निरुपयोगी वाटते. समुद्राशिवाय विकत घेणाराच उरणार नाही. विचारायचं ते एवढंच, की हा एक पट्टा गेला तर काय बदलेल? ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला. किनारा आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असं त्यात दिसलं. असं मोजमाप निर्णयाला उपयोगी पडतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये परिसंस्थांच्या हिशोबाची चौकट स्वीकारली, तीही याच दिशेची: क्षेत्र किती, स्थिती कशी, सेवा कोणत्या, हे वर्षानुवर्षं नोंदत राहायचं.

याउलट 'लाखो रोपं लावली' या बातम्यांवर माझा विश्वास नाही. भरतीखाली जास्त वेळ बुडणाऱ्या सपाट चिखलात, जिथे खारफुटी आपण होऊन कधी उगवली नाही, तिथे लावलेली रोपं बहुतेक मरतात. आणि जगली तरी खालचा साठा त्यांच्यासोबत येत नाही. तो मोजायचा तर पोकळ नळी चिखलात दाबून मातीचा दंडगोल वर काढतात आणि त्याचे काप करून प्रत्येकातला कार्बन तपासतात. गाळ वर्षाला दोन-तीन मिलिमीटर साचत असेल, तर एक मीटर खालचा काप साधारण ३०० ते ५०० वर्षांपूर्वीचा असतो, आणि पुष्कळदा त्यात मुळांचे धागे अजून डोळ्यांना दिसतात.