अतिशीत उपकरणांसाठीचे धातूचे आरसे

अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपणारे खगोलीय उपकरण स्वतःच्याच उष्णतेने आंधळे होते, म्हणून ते ७७ केल्विन (सुमारे उणे १९६ अंश सेल्सियस, द्रव नायट्रोजनचे तापमान) किंवा त्याहूनही थंड ठेवतात. त्यातले आरसे बहुधा ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. तिथवर थंड होताना हा धातू सुमारे ०.४ टक्के आकसतो. १०० मिमीचा आरसा ०.४ मिमीने लहान होतो. आरसा, बैठक आणि पाया एकाच धातूचे असले की सगळे सारख्या प्रमाणात लहान होते आणि उबेत केलेली जुळणी थंडीतही टिकते. जेम्स वेब दुर्बिणीवरील ‘मिरी’ उपकरणाचे आरसे याच पद्धतीचे आहेत.

खरा शत्रू असमान आकसणे. धातूत कापणीचे ताण उरले असतील, तर ते थंडीत मोकळे होतात आणि पृष्ठ वाकते. म्हणून आधी रफ कापणी, मग उष्णतोपचार, थोडा धातू राखून दुसरी कापणी. त्यानंतर तुकडा द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत नेऊन पुन्हा तापवायचा, असे काही फेरे. हे फेरे सावकाशच द्यावेत. घाईने थंड केल्यास कडा आधी आकसतात, गाभा मागे राहतो आणि नवेच ताण तयार होतात.

शेवटचा हात हिऱ्याच्या टोकाच्या लेथवर, काही मायक्रॉनच्या कापाने. पोलादावर हिरा लवकर झिजतो. ॲल्युमिनियम, तांबे आणि विद्युत्-विरहित निकेल (विजेशिवाय, रासायनिक क्रियेने चढवलेला निकेलचा थर) मात्र उत्तम कापले जाते. हत्याराच्या बारीक रेषा उरतात, तिरक्या उजेडात त्यांवर इंद्रधनुष्य दिसते. खरखरीतपणा ८ नॅनोमीटर असेल, तर ०.५ मायक्रॉन तरंगलांबीचा सुमारे ४ टक्के प्रकाश विखुरतो, १० मायक्रॉनचा जेमतेम ०.०१ टक्का. अवरक्तात साधा कातलेला आरसा चालतो तो यामुळेच. दृश्य प्रकाशासाठी निकेलचा थर देऊन पॉलिश करावे, तर निकेल ॲल्युमिनियमपेक्षा कमी आकसते आणि दोन धातूंच्या जोडपट्टीसारखा (बायमेटल) बाक येतो. त्यावर सुमारे ४० टक्के सिलिकॉन असलेले ॲल्युमिनियम हा चांगला उपाय आहे; त्याचे प्रसरण निकेलशी जुळते.

बसवताना सर्वाधिक आरसे बिघडतात. बैठकीचे तीन ठोकळे एका पातळीत नसले, तर स्क्रू आवळताच आरसा पिळतो. म्हणून ठोकळेही हिऱ्यानेच कातावेत आणि आरशापासून लवचीक पात्यांनी वेगळे ठेवावेत. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमपेक्षा कमी आकसतो, त्यामुळे थंडीत ढिला पडतो. त्याखाली शंकूच्या आकाराचे स्प्रिंग-वॉशर घालतात. सोन्याचा लेप सर्वात शेवटी, आणि मग थंड पेटीच्या खिडकीतून व्यतिकरणमापकाने (प्रकाशलहरींच्या साहाय्याने पृष्ठाचा आकार मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरने) पृष्ठ तपासताना खिडकीची स्वतःची विकृती आधी मोजून वजा करावी लागते.