अपर नॉरवुडचे हौशी छायाचित्रण

लंडनच्या दक्षिणेला टेकडीवर वसलेल्या अपर नॉरवुड या व्हिक्टोरियाकालीन उपनगराची, ते वाढत असतानाच, हौशी कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रनोंद. या नोंदीचा सर्वांत समृद्ध भाग ऑक्टोबर 1898 ते जून 1899 या काळातला असून तो फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला (1840–1902) यांनी तयार केला. झोला तेव्हा शिक्षा टाळण्यासाठी मायदेश सोडून आले होते आणि खोटे नाव सांगून हॉटेलात राहत होते. इंग्लंडमधल्या हौशी छायाचित्रकारांची संख्या त्या काळी झपाट्याने वाढत होती. तरीही एका साध्या उपनगराचे रोजचे रस्ते आज इतक्या जवळून दिसतात ते एका परक्या माणसामुळे. नव्या वस्तीत टिपून ठेवण्यासारखे काही असते, हे तिथल्या रहिवाशांना सहसा वाटत नाही. नॉरवुडची ही चित्रे त्यामुळेच मोलाची आहेत.

नॉरवुड म्हणजे उत्तरेकडचे रान. क्रॉयडन गावाच्या उत्तरेला पसरलेल्या जुन्या जंगलावरून हे नाव पडले. अठराव्या शतकापर्यंत इथे कोळसा भाजणारे आणि भटक्या जिप्सींचे तांडे यांचीच वस्ती असे. जिप्सी हिल हे स्थानिक नाव त्यांचीच आठवण आहे. हे रान उपनगर झाले ते एका इमारतीमुळे. 1851 च्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला होता. प्रदर्शन संपल्यावर तो उतरवून सिडनम टेकडीच्या माथ्यावर मोठ्या आकारात पुन्हा बांधला आणि 10 जून 1854 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते खुला झाला. कारंज्यांना पाणी पुरवण्यासाठी अभियंते ब्रुनेल यांनी दोन्ही टोकांना 284 फूट उंचीचे मनोरे उभारले. त्याच वर्षी रेल्वे आली, 1865 मध्ये दुसरी रेल्वे थेट पॅलेसच्या दाराशी पोचली, आणि मग घरांची रांगच लागली. श्रीमंतांचे बंगले टेकडीच्या कडेने, कारकून-दुकानदारांची विटांची जोडघरे उतारावर. हा डोंगरमाथा ज्या क्रॉयडनच्या हद्दीला लागून होता, त्या गावाची लोकसंख्या 1801 मध्ये 6,000 पेक्षाही कमी होती. 1901 मध्ये ती 1,30,000 च्या वर गेली.

पॅलेसचे छायाचित्रण सुरुवातीपासूनच झाले. फिलिप हेन्री डेलामोट या व्यावसायिक छायाचित्रकाराने पुनर्बांधणीचा एकेक टप्पा 1854 पर्यंत नेमाने टिपला. ती छायाचित्रे अप्रतिम आहेत, पण त्यांत दिसते ती फक्त इमारत: लोखंडी कमानी, मचाणे, पुतळे. आजूबाजूला उगवणारी वस्ती कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहिली. ती पहिल्यांदा नीट पाहिली एका चित्रकाराने. कामीय पिसारो 1870–71 मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धापासून जीव वाचवून कुटुंबासह नॉरवुडला आले होते. त्यांनी फॉक्स हिलचा बर्फाळ उतार रंगवला, जवळच्या लॉर्डशिप लेन स्थानकातून निघणारी आगगाडी रंगवली, आणि क्रिस्टल पॅलेसच्या चित्रात तर पॅलेस एका बाजूला सारून निम्मी जागा नव्याकोऱ्या घरांना दिली. पिसारो आणि झोला, दोघेही फ्रान्समधून परागंदा होऊन आलेले. या योगायोगाकडे मी केवळ योगायोग म्हणून पाहत नाही. ज्याला तिथे काही काम नाही, ओळखीचे कोणी नाही आणि भाषाही धड येत नाही, त्याला रस्ता जेवढा दिसतो तेवढा तिथल्या रहिवाशाला दिसत नाही.

हौशी माणसाच्या हाती कॅमेरा आला तो तंत्र बदलल्यामुळे. 1851 पासून प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेच्या प्लेटला जागेवरच रसायन लावायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायची. म्हणजे तंबू, बाटल्या, पाणी आणि हातगाडी हा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी 1871 मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा प्लेटा तयार डब्यांत विकत मिळू लागल्या. फोटो आज घ्यायचा आणि आठवड्याने निवांत धुवायचा, एवढी मोकळीक पहिल्यांदाच मिळाली. नव्या प्लेटा कितीतरी जास्त संवेदनशील होत्या, त्यामुळे चालता माणूस, धावता घोडा हेही पकडता येऊ लागले. 1888 मध्ये जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक आला. त्यात 100 फोटोंचा रोल आधीच भरलेला असे आणि तो संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवून द्यायचा. इंग्लंडमध्ये त्याची किंमत 5 गिनी होती. डॉक्टर, वकील, दुकानदार यांना ती परवडे. त्यांच्या घरी राबणाऱ्या मोलकरणीला नाही. उपनगराची ही सगळी नोंद कोणाच्या नजरेतून झाली, हे इथेच ठरून गेले.

या प्लेटांचा एक दोष उपनगराच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. साध्या प्लेटा निळ्या प्रकाशाला चटकन दाद देत आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. लंडनची उपनगरे म्हणजे लाल वीट. ती वीट फोटोत काळपट उतरते आणि वरचे निळे आकाश कोरे पांढरे होते. जुने फोटो पाहून ही वस्ती कायम मळभ दाटलेली, उदास होती असे वाटते. त्यातली निम्मी उदासी हवेची नसून रसायनाची आहे.

हौशी मंडळींनी मग क्लब काढले आणि क्लबांमधून ‘छायाचित्र सर्वेक्षण’ नावाची चळवळ उभी राहिली. तिची सुरुवात 1890 च्या सुमारास वॉरिकशरमध्ये झाली. 1897 मध्ये खासदार सर बेंजामिन स्टोन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय छायाचित्र नोंद संघटना स्थापन झाली आणि 1902 मध्ये सरी परगण्याचे सर्वेक्षण सुरू झाले. या लोकांची शिस्त वाखाणण्यासारखी होती. फोटोवर हातफिरवणी करायची नाही, प्रत न विटणाऱ्या प्लॅटिनम किंवा कार्बन पद्धतीने काढायची, पुठ्ठ्यावर चिकटवून स्थळ आणि तारीख लिहायची, आणि सार्वजनिक ग्रंथालयात किंवा ब्रिटिश म्युझियममध्ये जमा करायची. मात्र त्यांची नजर जुन्याकडे लागलेली होती: मध्ययुगीन चर्चे, पवनचक्क्या, लाकडी चौकटीची घरे, गावच्या चालीरीती. नाहीसे होणारे वाचवायचे हा त्यांचा ध्यास होता. आणि ते नाहीसे कशाने होत होते, तर नव्या उपनगरांमुळे. म्हणून ज्या विटांच्या रांगांनी जुने गाव गिळले, त्या रांगा या काटेकोर मंडळींच्या संग्रहात क्वचितच मानाने आल्या. त्यांच्या कामाबद्दल मनात आदर असूनही ही उणीव सलते.

झोलांचे तसे नव्हते. 13 जानेवारी 1898 रोजी पॅरिसच्या एका दैनिकात त्यांनी ‘मी आरोप करतो’ या मथळ्याचे खुले पत्र लिहून हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेले ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावरील अन्यायाला वाचा फोडली होती. बदनामीच्या खटल्यात त्यांना 1 वर्ष तुरुंगवास आणि 3,000 फ्रँक दंड झाला. फेरसुनावणीच्या दिवशी, 18 जुलैच्या रात्री, त्यांनी पॅरिस सोडले आणि जवळजवळ अंगावरच्या कपड्यांनिशी ते लंडनला पोचले. सरी परगण्यात दोन-तीन ठिकाणी राहून झाल्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर ते अपर नॉरवुडच्या चर्च रोडवरील क्वीन्स हॉटेलात ‘मस्य रिशार’ (म्हणजे श्री. रिशार) या नावाने उतरले. सकाळी कादंबरीचे लेखन आणि दुपारी पायी किंवा सायकलवर भटकंती, बरोबर कॅमेरा, असा त्यांचा दिनक्रम होता.

छायाचित्रणात ते नवखे नव्हते. 1888 मध्ये रॉयाँ या समुद्रकाठच्या गावी त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि 1894 नंतर तर हा छंद वेडाच्या पातळीवर गेला. प्लेटा स्वतः धुवायच्या, निरनिराळ्या कागदांवर, निळ्या सायनोटाइपवरही, प्रती काढून पाहायच्या, लांबून शटर उघडण्याची युक्ती योजून स्वतःलाच फोटोत घ्यायचे, हे सगळे त्यांनी केले. एखाद्या गोष्टीचा फोटो काढल्याशिवाय आपण ती नीट पाहिली असे म्हणता येत नाही, अशा अर्थाचे त्यांचे मत 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत आहे. त्यांच्या कादंबऱ्यांमागेही बाजार, खाणी, रेल्वे पायाखाली घालून भरलेल्या टिपणवह्या होत्या. नॉरवुडमध्ये टिपणवहीची जागा कॅमेऱ्याने घेतली.

चित्रांत काय आहे? चर्च रोडचा लांबच लांब चढ. ओल्या रस्त्यावरून जाणारी घोड्यांची गाडी. दुकानांच्या पाट्या, कुंपणाच्या भिंती, चर्चचे मनोरे, पानगळ झालेली झाडे. बर्फ पडलेला दिवस. पत्नी अलेक्सांद्रीन हिवाळ्यात काही काळ हॉटेलात येऊन राहिल्या. त्याही काही चित्रांत आहेत. आणि छपरांच्या वर, फांद्यांच्या आड, रस्त्याच्या टोकाला, कुठून ना कुठून डोके वर काढणारा क्रिस्टल पॅलेस. झोलांच्या चित्रांत तो प्रेक्षणीय स्थळ म्हणून ऐटीत उभा नाही. गावात कुठेही उभे राहिले तरी ग्रामदैवताचा कळस दिसावा, तसा तो दिसतो. वस्ती त्याच्या पायथ्याशी कशी वाढली, हे कुठल्याही नकाशापेक्षा या चित्रांतून चटकन कळते.

सायकलवरच्या बायका त्यांनी पुन्हा पुन्हा टिपल्या. पायघोळ स्कर्ट, वर घट्ट बसवलेली टोपी, ताठ पाठ, आणि चाकांशेजारी हेलकावणारा कापडाचा घोळ. पॅरिसमध्ये सायकल चालवणाऱ्या बायकांनी आखूड विजारी घालायला सुरुवात केली होती, त्यामुळे इंग्लिश स्कर्ट झोलांना नवलाचा वाटला. नॉरवुडच्या एखाद्या रहिवाशाने या बाईकडे मान वळवूनही पाहिले नसते. 1890 च्या दशकातली मध्यमवर्गीय स्त्री सायकलवर बसून एकटी घराबाहेर पडते आहे, ही केवढी मोठी घटना चर्च रोडच्या त्या काचांवर उमटून राहिली आहे! त्यांचे भाषांतरकार आणि पाठीराखे अर्नेस्ट व्हिझेटेली यांनी लिहून ठेवले आहे की इंग्लंडमधल्या फुटपाथांवर बायकांच्या केसांतून पडलेले आकडे किती दिसतात, याचेही झोलांना नवल वाटे. खालचे आकडे आणि वरचा काचमहाल, दोन्ही सारख्याच कुतूहलाने पाहणारी ही नजर होती.

याच महिन्यांत पॅलेसच्या पूर्वेच्या उतारावर, ॲनर्ली पार्क या रस्त्यावर, दादाभाई नवरोजी राहत होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतले हे माजी प्राध्यापक 1892 मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून गेले होते. 1897 पासून सुमारे 8 वर्षे त्यांचे बिऱ्हाड इथे होते आणि भारताच्या लुटीचा हिशेब मांडणारा त्यांचा 1901 चा ग्रंथ याच काळात पुरा झाला. उपनगर म्हणजे एकसुरी, सुखवस्तू, घटनाशून्य वस्ती, हा समज किती अपुरा आहे ते या एका टेकडीवरून दिसते.

ड्रेफस यांची शिक्षा फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 1899 रोजी रद्द केली. दुसऱ्याच दिवशी झोलांनी लंडन सोडले. नॉरवुडच्या प्लेटा बरोबर गेल्या, पुढे घराण्यातच राहिल्या आणि बराच काळ जगाच्या नजरेआड होत्या. नातू फ्रांस्वा एमिल-झोला यांनी 1979 मध्ये आजोबांच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केल्यावर झोलांची ही बाजू सर्वदूर कळली. पुढे 1997 मध्ये नॉरवुड सोसायटी या स्थानिक इतिहासप्रेमी मंडळाने फक्त नॉरवुडच्या चित्रांचे पुस्तक काढले. असे फोटो ओळखण्याचे काम किचकट असते. रस्त्याचा चढ, धुराड्यांची संख्या, खिडक्यांच्या कमानी, कुंपणाच्या खांबांची टोके एकेक करून आजच्या घरांशी ताडून पाहावी लागतात, आणि ते नेटाने करतो तो त्याच गल्लीत वाढलेला माणूस. परक्याने टिपलेले गाव शेवटी गावकऱ्यांनीच ओळखून काढले.

क्रिस्टल पॅलेस 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री जळून गेला. वाचलेले दोन्ही मनोरे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाडले. 1865 ची रेल्वे 1954 मध्ये बंद झाली. क्वीन्स हॉटेल मात्र चर्च रोडवर आजही उभे आहे आणि झोलांच्या वास्तव्याची निळी पाटी त्याच्या भिंतीवर आहे. त्यांचे एखादे चित्र हातात धरून त्या रस्त्याने वर पाहिले तर बरीच छपरे जागच्या जागी सापडतात. फक्त त्यांच्यामागचा काचमहाल नाही, आणि त्या टेकडीवर 1956 पासून 219 मीटर उंचीचा टेलिव्हिजनचा मनोरा उभा आहे.