एक हेक्टर, तीन भाऊ आणि टेस्टर

मे महिना सरत आला की लातूर-धाराशिवकडे घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला घेतात. पोत्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवडाभरात मोड मोजायचे. ७० च्या पुढे भरले तर बियाणं पेरणीला चालतं. शंभरावरून आख्ख्या पोत्याचा अंदाज बांधता येतो, कारण एका पोत्यातले दाणे सगळे एकाच वाणाचे, एकाच रानातले.

सॉफ्टवेअरच्या चाचणीला, म्हणजे टेस्टिंगला, हा हिशेब लागू पडत नाही. ९९ वेळा उत्तर बरोबर आलं म्हणून शंभराव्यांदा येईलच असं नाही. मग सगळंच तपासून टाकू म्हणाल, तर दोन आकड्यांची साधी बेरीज घ्या. ३२ बिटांच्या (म्हणजे ३२ शून्य-एकांत मावणाऱ्या) आकड्यांच्या सगळ्या जोड्या सेकंदाला १०० कोटी या वेगानं तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षं जातील. चाचणीनं चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही, असं एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९६९ मध्येच सांगून ठेवलंय.

आता टेस्ट, म्हणजे प्रोग्राम तपासणारा कोड, मशीनच लिहिणार आणि मशीनच चालवणार, हे जो तो सांगतो. खरंय ते. पण चालवणं हा या कामातला सोपा भाग. आलेलं उत्तर बरोबर आहे हे कोणी आणि कशावरून ठरवायचं, ही खरी अडचण. टेस्टिंगमध्ये पुढं जे काही बदलेल ते या एका प्रश्नाभोवतीच बदलेल, असं माझं मत आहे.

वाटणीचा हिशेब करणारा प्रोग्राम घ्या. गट एक हेक्टरचा, म्हणजे १०० आर. वारस तीन भाऊ. प्रोग्राम प्रत्येकाला ३३.३३ आर देतो. बेरीज ९९.९९. राहिलेला ०.०१ आर म्हणजे १ चौरस मीटर जमीन कागदावरून गायब! वारस सहा असतील तर प्रत्येकी १६.६७, बेरीज १००.०२; म्हणजे जमीन २ चौरस मीटरनं वाढली. वीतभर बांधासाठी जिथं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या तारखा चालतात, तिथं हे कोणी हसण्यावारी नेणार नाही. पण हातानं टेस्ट लिहिणारा माणूस आकडे सोयीचे घेतो: १२० आर, ३ वारस, प्रत्येकी ४०. टेस्ट पास, रिलीज झालं.

यावर एक तोडगा स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली क्विकचेक या साधनातून मांडला. मशीनला उत्तर सांगायचं नाही, उत्तरानं पाळायचा नियम सांगायचा. आपल्या उदाहरणात नियम एकच: हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राइतकी भरली पाहिजे. मग मशीन स्वतःच शेकडो क्षेत्रं आणि वारसांचे आकडे तयार करून प्रोग्रामवर सोडतं. समजा ७४३.१८ आर आणि ११ वारस या जोडीला नियम मोडला. मशीन तिथं थांबत नाही, ती चूक दाखवणारं उदाहरण लहान लहान करत नेतं. इथं ते बहुधा १ चौरस मीटर आणि २ वारस इथवर येईल. प्रत्येकाचा अर्धा चौरस मीटर वर धरला तर जमीन दुप्पट होते, खाली धरला तर शून्य. एवढं समोर आल्यावर डेव्हलपरला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणायची सोय राहत नाही. उरलेला मीटर कोणाच्या हिश्शात घालायचा, हे मात्र कोडात शोधून सापडणार नाही. त्याला महसूलचे नियम बघावे लागतात, जाणत्या तलाठ्याला विचारावं लागतं.

एआयचा सापळा नेमका इथंच आहे. त्याला तयार कोड दाखवून ‘याच्या टेस्ट लिही’ म्हटलं की ते बरेचदा कोड जे करतोय तेच बरोबर धरून चालतं. १०० आर, ३ वारस, अपेक्षित उत्तर प्रत्येकी ३३.३३. टेस्ट हिरवी, म्हणजे पास, आणि चुकीवर वर शिक्कामोर्तब. पाचशे टेस्ट एका मिनिटात लिहून मिळाल्या म्हणून फुशारून जायचं कारण नाही.

टेस्टची स्वतःची परीक्षा घ्यायची रीतही आहे, म्युटेशन टेस्टिंग. कोडात मुद्दाम बारीकसारीक चुका पेरायच्या, अधिकच्या जागी उणे, ‘पेक्षा मोठा’च्या जागी ‘पेक्षा लहान’, आणि कुठली टेस्ट बोंब मारते ते बघायचं. एकही ओरडली नाही तर टेस्ट झोपलेल्या आहेत. ही कल्पना १९७० च्या दशकातली. तेव्हा संगणकाला हा भार पेलवत नव्हता, आता पेलवतो. मात्र ३३.३३ ची चूक यातूनही निसटेल, कारण तिथं अपेक्षाच चुकलेली आहे.

तरीही एआयला मोडीत काढू नका. आपल्या जवळजवळ प्रत्येकाच्या स्मार्टफोनमध्ये एसक्यूलाइट नावाचं छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर असतं. मूळ कोडाच्या सुमारे ५९० पट कोड त्याच्या चाचण्यांचा आहे. इतकं कसून तपासलेलं दुसरं सॉफ्टवेअर विरळाच. त्यातही २०२४ मध्ये गुगलच्या बिग स्लीप या एआय साधनानं मेमरीच्या हाताळणीतली चूक हुडकली, आणि ती लोकांपर्यंत पोचण्याआधीच दुरुस्त झाली.

खुद्द एआय तपासायचं तर पेच आणखी वाढतो. फोटोवरून पीक ओळखणाऱ्या मॉडेलचं प्रत्येक उत्तर पडताळायला माणूस कुठून आणणार? तिथंही नियमच कामाला येतो: फोटो थोडा उजळ केला, आडवा उलटवला, तरी सोयाबीनचा उडीद होता कामा नये.

आणखी एक जुनी युक्ती आता भरात आलीय. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. तारेतल्या खरखरीनं मजकुरात भलतीच अक्षरं घुसायची आणि युनिक्स या संगणक प्रणालीचे रोजच्या वापरातले प्रोग्राम कोलमडायचे. त्यांनी विद्यार्थ्यांना हेच मुद्दाम करायला लावलं. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले: कचरा खायला घातल्यावर पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम बंद पडले किंवा अडकले. याला फझिंग म्हणतात. आता ते रात्रंदिवस आपोआप चालतं.

आपल्याकडे त्यासाठी कचरासुद्धा लागत नाही, आपली नावं पुरतात. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, निदान दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकात खालच्या टिंबाचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी माणसं. एका यादीत एक, दुसरीत दुसरं, की ‘नाव जुळत नाही’. फक्त इंग्रजी नावांवर चाचण्या घेणाऱ्याला ही चूक जन्मात दिसायची नाही.

रेंजचंही तसंच. शिवारात वापरायचं ॲप अपलोड अर्ध्यावर तुटल्यावर काय करतं? माणूस वैतागून पुन्हा बटण दाबतो, तेव्हा नोंद एकदाच व्हायला हवी, दोनदा नव्हे. नेटवर्क मुद्दाम तोडून, सर्व्हर मुद्दाम पाडून बघण्याची ही रीत नेटफ्लिक्सनं २०११ च्या सुमारास गाजवली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी केंद्राबाहेर रांग लावून ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकलेल्यांना तिची गरज वेगळी सांगायला नको.

शेवटी काही चुका खऱ्या वापरातच बाहेर पडतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं पाडली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. प्रोग्राम २० रकाने पुरवत होता, फाइल २१ वा मागत होती. चाचण्यांत त्या रकान्याला ‘काहीही चालेल’ असं ठेवलेलं, म्हणून गडबड दिसलीच नाही. आणि फाइल गेली ती सगळीकडे एकदम. आधी थोड्या यंत्रांवर सोडून बघणं, राज्यभराचं ॲप असेल तर आधी एका तालुक्यात, ही रीत आता ऐच्छिक राहिलेली नाही.

संभाजीनगर, नांदेडच्या कॉलेजांतली बरीच मुलं ‘कोडिंग नको, पण आयटी हवं’ म्हणून टेस्टिंगकडे वळतात. बटणं दाबून एक्सेलमध्ये पास-फेल भरायचं काम सगळ्यात आधी जाईल, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असेल तर क्विकचेकच्याच धर्तीवरचं हायपोथेसिस हे साधन फुकट मिळतं. आधी वाटणीचा प्रोग्राम लिहा, मग बेरजेचा नियम. पहिली चूक काही सेकंदांतच हाती लागते.