भालदार-चोपदारांचा पोशाख भाड्याने नेताना

गिरगावातली गुढीपाडव्याची शोभायात्रा, शिवजयंतीची मिरवणूक, लग्नातली नवरदेवाची एन्ट्री, शाळेचे स्नेहसंमेलन. आमच्याकडून भालदार-चोपदारांचे पोशाख बहुतेक याच कामांसाठी जातात. मापाचे कपडे हाती दिले की आपले काम संपले, असे आम्ही मानत नाही. अंगावर हा पोशाख चढवणाऱ्याला आपण कोण आणि आपले काम काय हे ठाऊक असले, तर मिरवणुकीचे रूपच पालटते. तेव्हा हे पत्रक त्या मंडळींना आदल्या दिवशीच वाचायला द्यावे.

चोपदार नेमके काय करतो?

राजा येण्याआधी वर्दी द्यायची, बिरुदे पुकारायची, वाट मोकळी करायची, दरबारात शांतता राखायची. भालदाराच्या हाती भाला, चोपदाराच्या हाती चांदीने मढवलेला दंड. तो दंड मारण्यासाठी नसतो. दंड दिसला की मागोमाग धनी येतो आहे, एवढे लोकांना कळले पाहिजे. चोपदाराला मिळणारा मान धन्याचा असतो, त्याचा स्वतःचा नव्हे. पोशाखाचे सगळे नियम यातूनच येतात.

हे काम आजही जिवंत पाहायचे असेल तर आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला उभे राहावे. टाळ-मृदुंगाचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार दंड उंचावतात, ‘होऽऽ’ अशी आरोळी देतात आणि एवढा जनसमुदाय एका क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते, मग तिचे ऐकून घेतले जाते. त्यानंतर हरवले-सापडले काय ते सांगायचे, उद्या पालखी किती वाजता निघणार ते पुकारायचे, मग आरती. कसलाही भपका नाही, पण अधिकार पुरेपूर. आमच्याकडे पोशाख न्यायला येणाऱ्या प्रत्येक तरुणाला आम्ही हे सांगतो. मुंबईतच पाहायचे तर फोर्टात उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चालणारे चोपदार पाहावेत. त्यांची चाल नीट बघा. घाई नाही, रेंगाळणे नाही, नजर समोर.

पोशाख

आमच्या संचात अंगरखा, सुरवार, कमरेचा शेला, पागोटे आणि दंड एवढे मिळते. शेला कमरेला दोनदा घट्ट गुंडाळून गाठ डाव्या अंगाला घ्यावी आणि पदर मांडीवर मोकळा सोडावा. सैल बांधला की गिरगावच्या गर्दीत हमखास सुटतो. पाडव्याच्या उन्हाचा विचार करून अंगरख्याला आतून सुती अस्तर लावले आहे, तरी आत बनियन घालावीच.

चोपदाराला शिरपेच, तुरा, मोत्यांच्या माळा द्या, अशी मागणी वारंवार होते. आम्ही देत नाही. शिरपेच हे राजाचे, सरदाराचे लेणे. तो चोपदाराच्या पागोट्यावर चढला की मागून येणारा राजा फिका पडतो आणि सगळा प्रसंग उलटा होतो.

दंड सागवानी असून वर पितळी मूठ आहे. हॉलच्या फरशीवर घसरू नये म्हणून खाली रबरी बूच बसवले आहे, ते काढू नये. ठोक्याचा आवाज हवा असेल तर स्टेजच्या लाकडी फळीवर ठोकावे, पण पुकारण्याआधीच, मधे मधे नाही.

पुकारा

शिवरायांच्या कार्यक्रमात ‘बाअदब, बामुलाहिजा’ म्हणू नये, तो मोगली दरबाराचा थाट आहे. ‘आस्ते कदम’पासून सुरू होणारी, आज सर्वत्र म्हटली जाणारी गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, म्हणावी. ‘अष्टप्रधानवेष्टित’, ‘न्यायालंकारमंडित’ यांसारखी बिरुदे एका दमात ओढू नयेत. प्रत्येक बिरुदानंतर श्वास घ्यावा, म्हणजे शेवटच्या ‘महाराज’ला आवाज उरतो.

आणि एक कळकळीची विनंती : ही गारद नवरदेवासाठी म्हणू नका. ‘क्षत्रियकुलावतंस’ आणि ‘सिंहासनाधीश्वर’ ही बिरुदे ज्यांची आहेत त्यांच्यासाठीच राहू द्या. लग्नासाठी घराण्याचे नाव, मूळ गाव, आजी-आजोबांची व आई-वडिलांची नावे घेऊन सुरेख ललकारी होते. ती आम्ही विनामूल्य लिहून देतो.

इंग्रजी नाटकासाठी ‘हेरल्ड’

इंग्लंडच्या राजाचे हेरल्ड म्हणजे तिकडचे चोपदार, पण त्यांच्याकडे आणखी एक काम असते : घराण्यांच्या कुलचिन्हांची नोंद ठेवणे. त्यांच्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ या संस्थेला राजा तिसरा रिचर्ड याने 1484 मध्ये सनद दिली. 10 सप्टेंबर 2022 रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्याच्या सज्जातून तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची द्वाही फिरवली, ती त्यांच्यातल्याच ‘गार्टर किंग ऑफ आर्म्स’ या मुख्य अधिकाऱ्याने.

त्यांचा झगा म्हणजे टॅबर्ड. पुढे, मागे आणि दोन्ही बाह्यांवर राजचिन्ह भरलेले असते : इंग्लंडचे तीन-तीन सिंह दोन चौकटींत, स्कॉटलंडचा उभा सिंह एका चौकटीत, आयर्लंडची वीणा एका चौकटीत. दर्जा कापडावरून कळतो. किंग ऑफ आर्म्सला मखमल, हेरल्डला साटिन, धाकट्या पर्सिव्हंटला दमास्क रेशीम. पूर्वी पर्सिव्हंट हा झगा आडवा घालत, म्हणजे बाह्या छातीवर आणि पाठीवर येत. आपल्या नाटकात मात्र सरळच घालावा. आमचा टॅबर्ड साटिनचा आहे, म्हणून पात्राला ‘हेरल्ड’च म्हणावे. 1911 च्या दिल्ली दरबारावर प्रवेश असेल तर दोन पात्रे लागतील, कारण तिथे जाहीरनामा इंग्रजीत दिल्ली हेरल्डने आणि उर्दूत त्याच्या सहायकाने वाचला होता.

परत करताना

पोशाख धुऊ नये, आमच्याकडे ड्रायक्लीनिंग होते. गुलाल किंवा हळद लागली असेल तर पाणी न लावता तसेच आणावे, ओले केले की डाग बसतो. पागोटे चेपून पिशवीत कोंबू नये, ज्या खोक्यातून नेले त्यातच परत द्यावे. दंडाचे बूच हरवल्यास अनामत रकमेतून फक्त बुचाचीच किंमत कापली जाते.