चकमकीची ठिणगी कशाची असते?

आदिमानवाने दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या, ठिणगी पडली आणि आग लागली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अंधारात हा प्रयोग करून बघा. गारगोट्या आपटल्या की फिकट पिवळसर उजेड चमकतो, जरा जळका वासही येतो, पण त्यावर वाळलेलं गवत पेटत नाही. आग पाडायला एका बाजूला लोखंड लागतं, नाहीतर लोह आणि गंधक असलेलं पायराइट तरी लागतं. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी नावाच्या माणसाजवळ आग धरणारी वाळलेली बुरशी होती आणि तिच्यावर पायराइटचे कण होते.

चकमकीने, म्हणजे दगड लोखंडावर आपटून, आग पाडण्याची ही विद्या अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात अजून वापरात आहे. तिथे ऑक्टोबरमध्ये ठासणीच्या बंदुकीने मादी हरणांची शिकार करायला काही दिवस परवानगी असते. नाताळनंतर आणखी एक मोसम येतो, तो फक्त चकमकीच्या बंदुकीचा. तो १९७४ पासून चालू आहे. त्याच्या नियमातच लिहिलंय, की बंदुकीच्या घोड्यात, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागात, नैसर्गिक दगड बसवलेला हवा आणि त्याने लोखंडावर किंवा पोलादावर आपटून ठिणगी पाडली पाहिजे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. तिथली गोष्ट निराळी आहे. लांडगे आणि प्यूमा एकोणिसाव्या शतकातच संपले, त्यामुळे पांढऱ्या शेपटीची हरणं वाढतात आणि कोवळी रोपं खाऊन जंगलाची नवी पिढीच उगवू देत नाहीत. म्हणून मोजून परवाने देतात.

आता बंदुकीकडे जवळून बघू. नळीच्या तोंडातून दारू ओतलेली असते आणि त्यावर कापडात धरलेली शिशाची गोळी गजाने ठासलेली असते. बाहेर, नळीच्या कुशीला, चिमूटभर रंजक, म्हणजे आधी पेट घेणारी बारीक दारू, घातलेली एक छोटी वाटी असते आणि तिच्यावर पोलादी झडप. चाप ओढला की घोडा सुटतो. त्याच्या जबड्यात चामड्यात आवळलेला दगड झडपेच्या उभ्या तोंडावर आदळतो आणि ते तोंड खरवडत खाली उतरतो. त्या धक्क्याने झडप उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या नेमक्या तिच्यात सांडतात.

या ठिणगीत दगडाचा अंशही जळत नाही. चकमकीचा दगड म्हणजे सिलिका. सिलिका आधीच ऑक्सिजनशी जोडलेली, तिच्यात जळायला उरलंय काय? सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मिळणारा अकीकही सिलिकाच, आणि तोही हेच काम करतो. दगडाकडे असते फक्त धार आणि कठीणपणा. कठीणपणाच्या मोहच्या १ ते १० मापात तो ७ च्या आसपास येतो, पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलेलं पोलाद त्याहून थोडं मऊ. म्हणून दगडाची धार पोलादाचे बारीक कीस काढते. झडपेला पाणी नीट दिलेलं नसेल, तर कीस निघतच नाही, नुसता चरा उमटतो.

कीस तुटताना तापतो. त्या तापलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन भेटतो आणि ते स्वतःच जळू लागतं. फाटकाच्या कडीवर गंज चढतो तोही लोखंड आणि ऑक्सिजनचाच संयोग, पण तो पाण्याच्या मदतीने, महिनोन्‌महिने चालतो. इथे तो क्षणात उरकतो, कारण पृष्ठभाग. १ सेंटिमीटर बाजूच्या लोखंडी घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे ०.१ मिलिमीटरचे घन केले तर दहा लाख तुकडे होतात आणि एकूण पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर. लोखंड तेवढंच, हवेला लागणारं अंग शंभरपट. एक ग्रॅम लोखंड जळून मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, झालं तर सुमारे ६.७ किलोज्यूल उष्णता निघते. तेवढंच लोखंड १५३८ अंश सेल्सियसपर्यंत तापवून वितळवायला त्याच्या पाव भागाहूनही कमी पुरते. म्हणून कीस वितळतो आणि उडता उडता गोल होतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ च्या सुमारास अशा ठिणग्या पांढऱ्या कागदावर झेलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा त्याला हेच बारीक गोळे दिसले.

ठिणगीला फांद्या फुटतात त्या पोलादातल्या कार्बनमुळे. तो जळून वायू होतो आणि वितळलेला थेंब आतून फोडतो. दिवाळीत फुलबाजीतून उडणाऱ्या चांदण्याही लोखंडाच्या चुऱ्याच्याच. पितळेचा कीस असा पेट घेत नाही, म्हणून ज्वालाग्राही वाफा असतात तिथे पितळेसारख्या धातूंची हत्यारं वापरतात.

रंजक पेटली की तिची धग नळीच्या बारीक भोकातून आतल्या दारूपर्यंत जाते. या प्रवासात सेकंदाचे काही शतांश जातात. डोळ्याशेजारी भडका उडालेला असताना तेवढा वेळ नेम हलू द्यायचा नाही, हेच या बंदुकीचं खरं कसब.

हरणांच्या माजाची तारीख चंद्राच्या कलांवरून सांगणारी कॅलेंडरं तिथल्या शिकाऱ्यांना विकली जातात. त्यांवर पैसे घालवू नयेत. लहान होत जाणारा दिवस डोळ्यांना कळतो, मेंदूतलं मेलाटोनिन या संप्रेरकाचं चक्र बदलतं आणि पुढे सगळी संप्रेरकं हलतात. पौर्णिमा कधीही येवो, पेनसिल्वेनियात बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपासच फळतात.

ओल मात्र खरोखर नडते. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात उरतं, मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतली वाफ ओढून घेतं. ऑक्टोबरच्या धुक्यात बंदुकीचा एक बार उडाल्यावर वाटीत काळा चिखल होतो आणि झडपेचं तोंडही बुळबुळीत होतं. मग दगड घसरतो, कीस निघत नाही. म्हणून जाणता शिकारी दर बारानंतर वाटी आणि झडप कोरड्या फडक्याने पुसतो, रंजक नवी घालतो आणि घरी आल्यावर तेलाच्या आधी गरम पाण्याने नळी धुतो. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वर तेल लावून ते झाकले तर तेलाखाली गंज चढत राहतो.