सोलरचं घोडं पाण्यापाशी पेंड खातं

सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या पट्ट्यात उन्हाची तक्रार कोणी करतच असेल तर ती जास्त झाल्याची. वर्षाची सरासरी काढली तर इथे एका चौरस मीटरवर दिवसाला पाच ते साडेपाच युनिट ऊर्जा उन्हातून पडते. एक बाज टाकायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात दहा युनिट. तरी पहाटे पाचला त्याच घरामागे बंबात तुरकाट्या नाहीतर पळाट्या सारणं चालू असतं, किंवा बादलीत हीटरची कॉईल लोंबत असते आणि घरातलं कोणीतरी लाईट जाऊ नये म्हणून बल्बकडे बघत असतं. हेच पाणी उन्हावर तापवणारा सोलर हीटर गावात कुठे अडतो, ते बघू.

आंघोळीच्या पाण्याला ऊर्जा किती लागते, हे आपल्याला सहसा जाणवत नाही. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4.65 युनिट उष्णता लागते. दीड हजार वॉटच्या कॉईलला एवढं पाणी तापवायला तीन तास लागतात. महिनाभर रोज तापवलं तर जवळपास 140 युनिट होतात, म्हणजे वीजबिलाचा 100 युनिटांचा स्वस्त टप्पा एकट्या आंघोळीतच ओलांडला जातो. उघड्या चुलाणावर तेवढंच पाणी तापवायचं तर सात ते अकरा किलो सुकं जळण जातं, कारण त्यातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते. बंब यापेक्षा पुष्कळ शहाणा. जाळाची नळी मधोमध आणि पाणी तिच्या भोवती, त्यामुळे धूर वर जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. ज्या कारागिरांनी तो घडवला त्यांना उष्णतेचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण कळलेलं नक्की होतं. बंबाची अडचण जळणाची आहे. ते गोळा करणं, फोडणं, पावसाआधी झाकून ठेवणं हे काम बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येतं, आणि त्याचं बिल येत नाही म्हणून ते फुकट धरलं जातं.

आता शंभर लिटरला लागणारे साडेचार-पावणेपाच युनिट आणि बाजेएवढ्या जागेवर पडणारे दहा युनिट शेजारी ठेवून बघा. निम्मी उष्णता जरी पकडता आली तरी काम भागतं. सोलर हीटर, म्हणजे उन्हात तापणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या वरच्या बाजूला पाण्याची टाकी, नेमकं तेवढंच करतो. शंभर लिटर 60 अंशांच्या पाण्यात तेवढंच गार पाणी विसणलं की 40 अंशांचं दोनशे लिटर तयार. चार-पाच माणसांच्या आंघोळी उरकून भांड्यांनाही राहतं.

उन्हाची उष्णता पकडायची युक्ती जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूरने 1767 पासून काचा लावलेल्या बंद पेट्या उन्हात ठेवून बघितल्या, आणि पुढे त्यातल्या एकीत पाणी उकळेल त्याहून जास्त तापमान झालं. काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या काळ्या पृष्ठभागातून निघणारे लांब लहरींचे उष्ण किरण बाहेर सोडत नाही. खरी अडचण होती ती तापलेलं पाणी राखायची. कॅलिफोर्नियात 1909 च्या सुमारास विल्यम बेलीने तापवायचा भाग आणि साठवायची टाकी वेगळी केली आणि टाकीला गरम कपड्यासारखं आवरण घातलं. दुपारी तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येऊ लागलं. आपल्याकडे शेतावर जायच्या आधी आंघोळ होते, सूर्य उगवायच्याही आधी. त्यामुळे आपल्या दृष्टीने सोलर हीटरमधला महत्त्वाचा भाग चकाकणाऱ्या नळ्या नव्हेत, ती टाकी आहे. टाकीचं फोमचं अस्तर चांगलं असेल तर रात्रभरात पाणी थोड्याच अंशांनी उतरतं.

पाणी खालून तापून टाकीत चढतं ते पंपाशिवाय. 20 अंशांचं एक लिटर पाणी साधारण 998 ग्रॅम भरतं, 60 अंशांचं 983 ग्रॅम. हा पंधरा ग्रॅमचा फरक हेच या यंत्राचं इंजिन. हलकं झालेलं गरम पाणी वर सरकतं, जड गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं, आणि ऊन आहे तोवर हे फिरणं चालू राहतं. लाईट असो नसो, त्याचं काही अडत नाही. पण एवढ्याशा फरकावर चालणारं काम अगदी थोडक्यानेही बंद पडतं, आणि गावात ते बंद पाडायला पाणी पुरेसं असतं.

पहिली गोष्ट उंचीची. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून वर हवा, नाहीतर सोलरची टाकी भरतच नाही. गावातल्या घरात काळी प्लॅस्टिकची टाकी सरळ स्लॅबवर ठेवलेली असते आणि सोलर तिच्या शेजारी. मग वीट-सिमेंटचे खांब उभारून टाकी उचलावी लागते, आणि हा खर्च विकणारा आधी सांगत नाही. पत्र्याच्या घरावर तर प्रश्नच मिटला, कारण पाण्यासकट हे धूड दीडशे किलोच्या वर जातं. माळवदावर ठेवलं तर पावसाळ्यात वेगळंच दुखणं. अशा घरांनी न्हाणीघराच्या स्लॅबवर किंवा अंगणात लोखंडी स्टँडवर ते बसवावं. टाकीतून वर काढलेली हवेची नळी गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच न्यावी लागते. तिच्यातून पाणी ठिबकतं म्हणून बूच मारणारे लोक आहेत. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पाणी उपसलं जात असताना आत हवा गेली नाही, तर स्टीलची टाकीसुद्धा आत चेपते.

दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मीठ किंवा साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. बोअरच्या पाण्यातल्या चुन्याचं उलटं आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर बसतो. बादलीतल्या कॉईलवर जी खरखरीत पांढरी साल चढते, तीच ही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा, म्हणजे चुन्यासारख्या क्षारांचं प्रमाण, चांगला मानला आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बरेच विक्रेते टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. तो पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा असतो, त्यात चुना किती हे त्यावरून कळत नाही. कठीणपणाची तपासणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

हीटर दोन प्रकारचे. एकात काचेखाली तांब्याचा काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्या असतात. चांगल्या पाण्यावर हा वर्षानुवर्षं चालतो. पण कठीण पाण्यात त्या बारीक नळीत थर चढायला लागला, की पंधरा ग्रॅमच्या जोरावर चढणारं पाणी त्यातून कसं जाणार? वर ऊन रखरखतंय आणि टाकीत कोमट पाणी, असं जिथे दिसतं तिथे बहुधा हेच झालेलं असतं. दुसरा प्रकार काचेच्या नळ्यांचा. ही नळी दुहेरी काचेची असते आणि दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते, थर्मासच्या आतल्या बाटलीत असते तशी. नळीच्या आतला मार्ग रुंद, चुना साचला तरी तळाशी बसतो, आणि नळी उपसून धुता येते. बोअरवर जगणाऱ्या गावांनी डोळे झाकून हाच प्रकार घ्यावा. वर्षातून एकदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने आतून साफ करावं. संडास धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही नको, ते चुन्याबरोबर स्टीलही खातं.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात चुन्यापेक्षा मीठ छळतं. क्लोराइडमुळे स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रं पडतात. तिथे आतून काचेसारखा मुलामा दिलेली टाकी आणि तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड, अशी जोडी लागते. पाणी आधी त्या रॉडला खातं आणि टाकी वाचते. तो झिजून संपला की बदलायचा असतो, हे विकताना क्वचितच सांगितलं जातं.

काचेच्या नळीला धोका कशाचा? वानरांचा आहेच, गारपिटीचाही आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट इकडे कोणी विसरलेलं नाही. नेहमीच्या आकाराची गार ही काच सोसते. तिला खरं मारतं ते दुपारी सोडलेलं गार पाणी. टाकी रिकामी पडली आणि नळ्या कोरड्याच उन्हात राहिल्या तर आतली काच 200 अंशांच्याही वर तापते. जिथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि मोटारीचा लाईट वेळी-अवेळी येतो, तिथे दुपारी बाराला मोटार चालू होणं ही आनंदाची गोष्ट वाटते. ते पाणी तापलेल्या काचेवर पडलं की नळी तडकते. म्हणून कोरडा पडलेला सोलर सूर्य उगवायच्या आत किंवा मावळल्यावरच भरावा. घाईच असेल तर नळ्यांवर गोणपाट टाकून काही तास जाऊ द्यावेत.

नळी तडकली नाही पण दोन काचांमधली पोकळी गेली, तर ते कसं ओळखायचं? नळीच्या बंद टोकाशी आतून चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा थर. आत चुकून उरलेला किंवा झिरपणारा वायू तो शोषून घेतो. आत हवा शिरली की त्याची चकाकी जाते आणि तो पांढरा पडतो. पांढऱ्या डागाची नळी उष्णता धरत नाही, उलट रात्री गमावते. तेवढीच बदलायची, सगळा हीटर काढायची गरज नाही. महिन्यातून एकदा धूळ पुसताना हे टोक बघून घेतलं तरी पुरे.

न्हाणीघर घरापासून लांब, परसात, ही आपली जुनी रीत. सोलर मात्र घराच्या स्लॅबवर. मधे पंधरा मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात चारेक लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसलेलं असतं. गरम पाणी यायच्या आधी ते बाहेर पडतं आणि पुष्कळ घरांत मोरीत वाहून जातं. वर्षाला जवळपास दीड हजार लिटर, तेही टँकरच्या गावात. हे पहिलं पाणी बादलीत धरावं, मागून येणाऱ्या कढत पाण्याला विसण म्हणून ते लागतंच. पाइप शक्य तितका आखूड ठेवावा, त्यावर फोमची नळी चढवावी. यात यंत्राची कसलीच हुशारी नाही.

बसवताना तोंड दक्षिणेला. सोलापूर 17.7 अक्षांशावर आहे, तिथे 22 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवरच चढतो. म्हणून नळ्यांचा उतार अक्षांशाहून दहा-पंधरा अंश जास्त, म्हणजे तिशीच्या आसपास ठेवतात. एप्रिल-मेमध्ये थोडं कमी ऊन पकडलं गेलं तर बिघडत नाही, तेव्हा साध्या टाकीतलंच पाणी हात पोळेल असं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढग आले की पाणी कोमटच राहतं. त्या दिवसांसाठी बंब माळ्यावर टाकू नये.

हल्ली विचारलं जातं की पॅनलला अनुदान आहे, मग हा हीटर कशाला? प्रश्न रास्त आहे. 2024 च्या सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर विजेला जास्तीत जास्त 78 हजार रुपये मिळतात, तेही तीन किलोवॉट बसवले तर, तर सौर पाणी तापकावरचं केंद्राचं अनुदान 2014 मध्येच बंद झालं. पण हिशोब बघा. पॅनल उन्हाची 20-22 टक्के ऊर्जाच विजेत बदलतं, हीटर जवळपास निम्मी उष्णता पाण्याला देतो. एक किलोवॉटचं पॅनल पाचेक चौरस मीटर जागा घेऊन दिवसाला चारेक युनिट देतं. शंभर लिटर पाणी गीझरवर तापवलं तर ते सगळे त्यातच जातात, वर थोडी आणखी वीज लागते. हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालणारा हीट पंप एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो, म्हणजे दीड युनिटात भागतं. तो महाग आहे, त्याला दाब स्थिर असलेली वीज लागते, आणि कॉम्प्रेसर बिघडला तर दुरुस्तीला माणूस जिल्ह्याच्या गावाहून येतो.

घर नवं, स्लॅबचं आणि वीज भरवशाची असेल तर पॅनल आणि हीट पंप ही जोडी मला पटते. पहाटे लाईट असेलच याची खात्री नाही अशा वस्तीत मात्र काचेच्या नळ्याच बऱ्या. पॅनलची वीज नेट मीटरिंगने हिशोबात जमा होते खरी, पण पहाटे पाचला फीडर बंद असेल तर त्या जमा युनिटांनी पाणी तापत नाही.